आंबा आमचा, सावली अण्णांची

शिवाजी पेठेतल्या आमच्या परसातला रायवळ आंबा गेल्या आठवड्यात तोडावा लागला. त्याच्या खोडात भिरूड शिरली होती. बुंध्याशी ओला भुसा पडू लागला तेव्हाच भोकांत तार घालून बोटाएवढी मळकट पांढरी अळी बाहेर ओढली, पेट्रोलचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला. परंतु सालीखाली घातलेल्या अंड्यांतून निघालेली ही जात महिनोन्महिने आतले लाकूड पोखरत राहते आणि बाहेर पाने हिरवीगार दिसत असताना अचानक अख्खी फांदी वाळवून टाकते. गुळांब्याची पातेली यंदा माळ्यावरच राहणार, हे आमच्या घरात सर्वांनी मुकाट्याने स्वीकारले. स्वीकारले नाही ते शेजारच्या अण्णांनी.

या झाडाची सर्वांत मोठी फांदी कुंपण ओलांडून अण्णांच्या अंगणावर गेली होती आणि तिच्या बाबतीत आमच्यात एक अलिखित वाटणी ठरलेली होती. वळिवाने पडलेल्या कैऱ्या त्यांच्या बरणीत जात आणि पाचोळा झाडून नीट आमच्या फाटकाशी लावला जाई. करवत सुरू झाली तशी अण्णा बनियनवर, हातात कपबशी घेऊन कुंपणाशी आले.

“मास्तर, गेला म्हणायचा की आंबा.”

“गेला.”

“लई वाईट झालं बघा.” त्यांनी बशीतला चहा सावकाश संपवला. “मग आता आमच्या गाडीचं कसं करायचं?”

ओंडके न्यायला टेम्पो अंगणातून जाईल, अशी त्यांना काळजी असावी, असे वाटून मी त्यांना धीर देऊ लागलो.

“ते न्हवं ओ. आमची चारचाकी. इतकी वर्षं तुमच्या सावलीला लावत आलो. आता दुपारी सीट तापणार, रंग उडणार. काय तरी सोय करशीला न्हवं?”

“कसली सोय?”

“पत्र्याचं शेड. तुमच्या बाजूनं दोन पाईप उभं केलं की झालं. खर्च काय, अर्धा अर्धा करू.” मग क्षणभर विचार करून ते म्हणाले, “पर झाड तुमचं होतं, तवा...”

पुढचे वाक्य त्यांनी माझ्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडले.

शहरात झाड तोडायचे तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, मग ते वाळलेले का असेना. मी रीतसर अर्ज केला, पाहणीची वाट पाहिली, मध्यंतरी एक वाळकी फांदी कौलांवर कोसळली तीही सोसली. कायद्यावर माझा राग नाही. तो नसता तर पेठेत एव्हाना तुळशीखेरीज काही उरले नसते. परंतु ज्या गृहस्थांनी दर पावसाळ्यात “ती फांदी तेवढी छाटा की” म्हणून माझ्यामागे तगादा लावला, त्यांनीच त्या दिवशी परवानगीचा कागद मागावा, चष्मा आणवून तो तारीख-शिक्क्यासह वाचावा आणि वर मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा, हे मला अजूनही पचलेले नाही. माझे झाड मेले होते आणि मीच त्याच्या खुनातला संशयित असल्यासारखा कागद धरून उभा होतो.

संध्याकाळी चांगले सरळ ओंडके निवडून अण्णांनी बंबासाठी नेले. जाताना सल्ला दिला, “आता हापूसचं कलम लावा. रायवळाला रेषा लई. आणि जरा आमच्या अंगाला सरकवून लावा, म्हंजे सावली लवकर येईल.”

मी लिंबू लावणार असल्याचे सांगितले.

“लिंबू नको ओ मास्तर, काटा टायरात जातोय.”

लिंबूच लावणार आहे. कागदी, भरपूर काट्यांचे आणि कुंपणाला अगदी चिकटून.