टेकडी चढली, बिल चढलं

पिंट्यानं आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास लावल्यापासून कट्ट्यावर मराठी बोलायची चोरी झालीय. परवा तो झेरॉक्सची चळतच घेऊन आला. क्रियापदाला बारका शब्द जोडलेल्या इंग्रजी जोड्यांची यादी: गो आउट, गो ऑफ, रन इन्टू, रन ओव्हर, पानंच्या पानं. शनिवारपर्यंत सगळं पाठ पाहिजे म्हणे.

"घोक मग. पाढे कसे घोकलेस?" वकिलांनी निकाल देऊन टाकला.

मास्तरांना ते काही रुचलं नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस. "पिंट्या, 'द बेबी टॉडल्ड इन'. मराठीत सांग."

"बाळ आत आलं."

"आणि टॉडल्ड कुठं सांडलंस?"

"बाळ दुडुदुडू आत आलं."

"हां! आता नीट बघ. चालायची तऱ्हा इंग्रजीनं क्रियापदात कोंबली आणि येण्याचं सगळं काम बारक्या 'इन'वर टाकलं. आपण बरोबर उलटं केलं. येणं क्रियापदात, तऱ्हा दुडुदुडूमध्ये. म्हणून त्यांच्याकडे स्ट्रोल, ट्रज, शफल, वॉडल असली क्रियापदं ढिगानं, आणि आपल्याकडे तरातरा, लगबगीनं, रमतगमत, पाय ओढत."

वकील असं थोडंच सोडतात! "अहो, पण 'बाळ आत आलं' यात 'आत' आहेच की. तोच तुमचा 'इन'. मग फरक तो काय?"

"फरक असा की इंग्रजीत 'द ओल्ड मॅन लिम्प्ड आउट' चालतं. तुम्ही 'म्हातारा बाहेर लंगडला' म्हणून दाखवा."

वकील गप्प. 'लंगडत बाहेर आला' असंच म्हणावं लागतं, 'आला' टाळता येत नाही. पण मोटरमन काकांनी (रिटायर झाले तरी हुद्दा चिकटलेला आहे) मध्येच खडा टाकला. "मास्तर, 'पोरं बाहेर पळाली' म्हणतो ना आपण? 'आई दाराकडे धावली'? तिथं कुठं आलंय येणं-जाणं?"

मास्तरांनी ते लगेच कबूल केलं. पळणं, धावणं, झेपावणं ही आपली क्रियापदं एवढी सूट घेतात. लंगडणं, रांगणं, डुलणं घेत नाहीत. इंग्रजीत मात्र जवळजवळ कुणालाही मुभा. माशीचंच बघा. बझ म्हणजे नुसता आवाज, त्यात हालचाल कुठली? तरी 'द फ्लाय बझ्ड इन्टू द रूम' म्हटलं की त्या 'इन्टू'नं माशीला खोलीत आणून सोडलं. बस रॅटल्ड पास्ट, म्हणजे खडखडत समोरून गेली. गर्दीत कोपर मारत घुसणाऱ्याचं तर एल्बो हेच क्रियापद होतं. आपल्या माशीला घोंघावत 'यावंच' लागतं.

लेनर्ड टॅल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं 1985 मध्ये यावर सविस्तर लिहिलं. वाट, म्हणजे हालचाल कुठून कुठं होते ते, क्रियापदात ठेवणाऱ्या भाषा एका बाजूला, ती बाजूच्या छोट्या शब्दावर सोपवणाऱ्या दुसऱ्या. त्याचं बाटलीचं उदाहरण प्रसिद्ध आहे: इंग्रजीत बाटली 'फ्लोटेड इन्टू द केव्ह', स्पॅनिशमध्ये ती गुहेत 'शिरली, तरंगत'. म्हणजे इथं स्पॅनिश आपल्या पंगतीला. इंग्रजीतही एंटर, डिसेंड, रिटर्न आहेत, पण ती फ्रेंच-लॅटिनकडून आलेली पाहुणेमंडळी. अजूनही जरा कडक इस्त्रीतच वावरतात. घरात कुणी 'आय एंटर्ड द किचन' म्हणत नाही.

"ते सगळं खरं," पिंट्या पानं उलटत म्हणाला, "पण 'रन अप'चं काय? पान चारवर दोनदा आहे."

इथं मास्तर खुलले. 'शी रॅन अप द हिल' आणि 'शी रॅन अप द बिल'. एकीत ती टेकडी धावत चढली, दुसरीत तिनं बिल वाढवून ठेवलं. दिसायला सख्ख्या बहिणी. आता हिल आणि बिल काढून दोन्हीकडे 'इट' घाला. टेकडीला 'रॅन अप इट', बिलाला 'रॅन इट अप'. टेकडीचा 'अप' टेकडीला बांधलेला. 'अप द हिल शी रॅन' असा दोघांना मिळून पुढं काढता येतो. बिलाचा 'अप' क्रियापदाच्या घरचा. 'अप द बिल शी रॅन' म्हटलंत तर ऐकणारा तोंडाकडे बघत राहील. एक शब्दयोगी, एक क्रियाविशेषण, आणि यादीत दोघं एकाच ओळीत कोंबलेले.

"आमच्याकडे टेकडीही चढते आणि उधारीचं बिलही चढतं," वकील म्हणाले. या एका वाक्याला मात्र सगळ्यांनी दाद दिली.

अपचा विषय निघाला आणि काका गप्प बसतील? "मध्य रेल्वेवर अप म्हणजे सीएसएमटीकडे. पुण्याहून निघालेली गाडी खंडाळ्याचा अख्खा घाट उतरून कर्जतला येते, तरी ती अप! आणि घाट चढत जाणारी डाऊन." विलायतेत लंडनकडे जाणारी गाडी अप, तिथलीच ही रीत. ऑक्सफर्डला शिकायला जाणारा 'गोज अप', आणि हाकलून दिला की 'सेंट डाऊन'. उंची मानाची, जमिनीची नव्हे. आपण तर या दोघांची जोडीच उचलली. डोंबिवलीचा माणूस रोज 'अप-डाऊन करतो', क्रियापद मात्र घरचं.

शास्त्रीबाई इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होत्या. एमए संस्कृत, त्यामुळे त्या बोलल्या की वकीलही हळू आवाजात हरकत घेतात. "हे इंग्रजांचं नवल कशाला? गच्छति, आगच्छति, निर्गच्छति, अवगच्छति. धातू एकच, वाट दाखवणारा उपसर्ग. आणि वेदात तर हा उपसर्ग सुटा फिरायचा. पाणिनी आधी सांगतो, 'ते प्राग्धातोः', म्हणजे धातूच्या आधी लावा. लगेच पुढं 'छन्दसि परेऽपि', वेदात नंतरही चालेल. मग 'व्यवहिताश्च', मध्ये दुसरे शब्द आले तरी चालेल. तुमचं 'रॅन इट अप' झालं की!"

"मग आपण ते घालवलं कुठं?" पिंट्या.

"गिळलं. उपविशतिचं बैसणं झालं, प्रविशतिचं ज्ञानेश्वरीतलं पैसणं, म्हणजे आत शिरणं. दोन्हीकडे धातू विश्‌. 'उप' नि 'प्र' यांचं पुढं नुसतं ब आणि प उरलं. आता बसताना 'उप' कुणाला आठवतो?"

यावर मास्तरसुद्धा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मला विचाराल तर दिवसाचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. पिंट्याच्या क्लासवाल्यांना तो सांगून उपयोग नाही ही गोष्ट वेगळी.

शेवटी मास्तरांनी यादी पालथी घालायला लावली. क्रियापदावरून नको, बारक्या शब्दावरून लाव. एका पानावर सगळे 'आउट', एकावर सगळे 'ऑफ', आणि प्रत्येकापुढं वाट कुठून कुठं जाते ते लिही. एरवी 'गेट डाऊन अ‍ॅट दादर' करत बसशील. आपल्याकडे ते खपतं, पण तिकडे बस-ट्रेनमधून 'गेट ऑफ', मोटारीतून 'गेट आउट'. आणि कुणी ओरडून 'गेट डाऊन' म्हणालं तर उतरू नकोस, खाली वाक.

"आणि 'हँग अप'?" वकिलांना शेवटचा घास पाहिजेच असतो. "फोन ठेवण्यात कसली आलीय वाट? कुठं वर टांगायचा तो?"

"टांगायचेच," काका म्हणाले. "जुने फोन भिंतीवर असायचे. बोलणं संपलं की रिसीव्हर हुकाला वर अडकवायचा. नाही अडकवला तर लाइन चालूच."