‘झोपलेले कोअर’ जागे करणाऱ्यांना

‘दुकानदार हे तुम्हाला कधीच सांगणार नाही! दहा वर्षं जुना लॅपटॉप पाच मिनिटांत स्टुडिओ. एफएल, क्युबेस, कॉन्टॅक्ट सगळं सुसाट. विषय हार्ड!’ (एफएल, क्युबेस हे संगीत बनवायचे प्रोग्रॅम, कॉन्टॅक्ट हा वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा.) असा सात कलमी मेसेज सध्या कोल्हापुरातल्या डॉल्बीवाल्यांच्या, बँजो पार्टीवाल्यांच्या आणि भजनी मंडळांच्या ग्रुपांवर फिरतोय. असले मेसेज मी वाचून सोडून देतो. पण मंगळवार पेठेतल्या माझ्या भाच्यानं तो वाचून सोडला नाही, सातही कलमं करून बघितली, आणि मग मला फोन केला, ‘मामा, आता तर पहिल्यापेक्षा जास्त आवाज फुटायलाय.’ फुटणारच की!

पहिलं कलम सगळ्यात भारी आहे. म्हणे विंडोज तुमचे अर्धे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग, झोपवून ठेवतं. ‘एमएसकॉन्फिग’ ही विंडोजची सेटिंगची खिडकी उघडा, बूटच्या टॅबमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, प्रोसेसरची संख्या ४ करा, मॅक्झिमम मेमरीवर टिक करून ४०९६ (एमबी, म्हणजे चार जीबी) लिहा, रिस्टार्ट मारा, कोअर जागे.

हे बरोब्बर उलटं आहे. त्या दोन चौकोनांचं काम मर्यादा घालणं, एवढंच. टिक नसेल तर विंडोज आहेत तेवढे सगळे कोअर आणि आहे तेवढी सगळी रॅम आपलं आपण वापरतं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, मायक्रोसॉफ्टनं स्वतः काय लिहिलंय ते बघा. डेव्हलपरांसाठीच्या त्यांच्या कागदपत्रांत बूट-सेटिंगचं पान आहे. तिथं ‘नमप्रॉक’चा अर्थ दिलाय: सांगितले तेवढेच प्रोसेसर वापरायचे. आणि ‘ट्रंकेटमेमरी’चा अर्थ: विंडोजला मिळणाऱ्या रॅमवर मर्यादा. एमएसकॉन्फिगची ती खिडकी हीच दोन सेटिंग लिहिते. आपला प्रोग्रॅम कमी ताकदीच्या मशीनवर कसा वागेल हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बघता यावं, म्हणून ही सोय आहे. म्हणजे चांगलं मशीन मुद्दाम कमजोर करून बघायचं बटण, आणि आमची पोरं तेच ताकद वाढवायला दाबायला लागलीत.

भाच्याच्या लॅपटॉपात रॅम ८ जीबी. मेसेजमध्ये ४०९६ होतं म्हणून यानंही ४०९६ लिहिलं. रिस्टार्ट झाल्यावर विंडोजच्या हातात चार जीबीसुद्धा पुरती उरली नाही, कारण पहिल्या चार जीबीच्या पत्त्यांतला काही भाग ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखून जातो. त्याच्या प्रोसेसरला थ्रेड (विंडोज प्रोसेसर म्हणून मोजतं ते) चारच, म्हणून तिथं तरी वाचला. ज्याच्याकडं आठ आहेत त्यानं अर्धे स्वतःच्या हातानं बंद केले. आणि खाली कमेंट काय, तर ‘फरक पडला भावा’. महिनाभर न बंद केलेलं मशीन रिस्टार्ट केल्यावर फरक पडतोच, त्याला टिक कशाला लागते? ज्यांनी ज्यांनी हे केलंय त्यांनी आज दोन्ही टिका काढा आणि पुन्हा रिस्टार्ट करा.

दुसरं कलम म्हणतं, बफर, म्हणजे मशीन एका वेळी तयार करतं तो आवाजाचा घास, ६४ वर आणा, ‘लोड कमी होतो’. अरे बाबांनो, उलटं वाचून तरी बघा! एका सेकंदात ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, जातात. बफर २५६ चा असेल तर मशीनला एक घास तयार करायला ५.८ मिलिसेकंद मिळतात. ६४ केला तर दीड मिलिसेकंदसुद्धा नाही. तेवढ्यात सगळे सिंथ (वाद्याचा आवाज बनवणारे), रिव्हर्ब (घुमारा देणारे), कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी आवरणारे) यांचा हिशेब पुरा झाला नाही की तड्-तड् आवाज येतो. पंगतीत वाढप्याच्या हातात बादलीऐवजी वाटी दिली तर त्याचं काम कमी होतं की फेऱ्या वाढतात? लहान बफर लागतो तो कीबोर्ड वाजवून रेकॉर्ड करताना किंवा गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज लगेच ऐकू यायला हवा असतो तेव्हा. मिक्सिंगला बसलात की १०२४ ठेवा. २३ मिलिसेकंद उशिरानं वाजलं तर मिक्सिंगमध्ये कुणाचं काही बिघडत नाही.

तिसरं, व्हर्च्युअल मेमरी १६ जीबी करा, ‘फुकटात रॅम वाढते’. रॅम वाढत नाही. रॅममध्ये न मावलेला माल डिस्कवर जातो, एवढंच. जुन्या लॅपटॉपात बहुतेक ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्यांची, फिरती हार्ड डिस्क असते. तिला नुसती एक फेरी पुरी करायला ११ मिलिसेकंद लागतात, आणि वरचा बफर तर ५.८ चा आहे. व्हायोलिनचं सॅम्पल (इथं अर्थ रेकॉर्ड केलेला सूर) त्या डिस्कवरून परत यायची वाट बघेपर्यंत सूर निघून गेलेला असतो. विंडोज स्वतः ठरवतं ते सेटिंग तसंच राहू द्या. पैसे घालायचेच असतील तर आधी साधा साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या.

टास्क मॅनेजरमध्ये जाऊन एफएलला ‘रिअलटाइम’ प्रायॉरिटी द्या, हे चौथं. मायक्रोसॉफ्टची त्यावरची सूचना अशी की त्या पातळीवर एखादा प्रोग्रॅम जरा जास्त वेळ चालला तर माऊससुद्धा हलेनासा होऊ शकतो. ऑडिओच्या कामाला वर काढायची वेगळी सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. टेम्प (तात्पुरत्या फाइली) आणि प्रीफेच (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेली माहिती) फोल्डर रोज पुसा, हे पाचवं. टेम्प पुसलं तर जागा मिळेल, प्रीफेच पुसलं तर प्रोग्रॅम उघडायला उलट वेळ लागेल, आणि दोन्हींचा आवाज फुटण्याशी काडीचा संबंध नाही.

सहाव्या कलमाला मात्र नाइलाजानं मान डोलवावी लागते. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा, असं त्यात आहे. लॅपटॉप बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग खालीवर करत असतो आणि त्या खालीवरमध्ये आवाज तुटू शकतो. चार्जर लावून हे सेटिंग केलं तर फायदा होतो. पण त्याच्या आधी पंख्यातली धूळ काढा. पंखा तुंबला असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो, तिथं कुठलाच प्लॅन चालत नाही.

सातव्या कलमाचा मला खरा राग आहे. अँटिव्हायरस कायमचा बंद करा आणि खालच्या लिंकवरून ‘फुल व्हर्जन लाइट’, म्हणजे चोरीचा प्रोग्रॅम, उतरवा. सगळा मेसेज त्या एका लिंकसाठी लिहिलाय, असं माझं मत. अँटिव्हायरस बंद करायला लावून कुणी फाइल चालवायला देतोय, ती कशासाठी असेल? ज्या लॅपटॉपवर भाचा ट्रॅक बनवतो त्याच लॅपटॉपवर ताईचं बँकेचं काम चालतं, लाइटबिल भरलं जातं. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणजे ते मशीन आधीच निम्मं उघडं. सॅम्पल वाचताना स्कॅनमुळं अडखळतं ही तक्रार खरी असू शकते. त्याला उपाय म्हणजे फक्त सॅम्पलचं फोल्डर स्कॅनमधून वगळायचं.

आणि चोरीचं घ्यायची गरज तरी काय? एफएल स्टुडिओची ट्रायल फुकट आहे, सगळं वापरता येतं, ट्रॅक बाहेर काढता येतो. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट परवाना घेतल्याशिवाय परत नीट उघडता येत नाही. रीपर हाही तसलाच प्रोग्रॅम, ६० दिवस वापरून बघता येतो, सवलतीचा परवाना ६० डॉलरचा, इन्स्टॉलर इतका लहान की मोबाइलच्या नेटवर सहज उतरतो, आणि जुन्या मशीनवर तो एफएलपेक्षा हलका चालतो असा माझा अनुभव. त्याच कामाचा एलएमएमएस तर पूर्ण मोफत.

जुन्या मशीनमध्ये कसलीही लपलेली ताकद नाही. आहे तेवढ्यात एका वेळी त्याच्याकडून किती काम घ्यायचं, ते आपल्या हातात असतं. भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ट्रॅकवर वेगळा रिव्हर्ब होता. ते सगळे काढून एक रिव्हर्ब सेंडवर (सगळ्या ट्रॅकच्या सामाईक वाटेवर) टाकला आणि सगळ्यांना तिथूनच दिला. कॉन्टॅक्टमधली स्ट्रिंग्ज पक्की झाली होती, ती ऑडिओ करून टाकली. रीपर, क्युबेसमध्ये याला फ्रीज म्हणतात, एफएलमध्ये कन्सॉलिडेट आहे. एकदा ऑडिओ झाला की सिंथचा हिशेब संपला, नुसती फाइल वाजते. फक्त मूळ प्रोजेक्टची प्रत वेगळी ठेवायची. हलगी आणि कैताळ या वाद्यांचंसुद्धा असंच केलं. घुमकं तेवढं मोकळं ठेवलंय, कारण मिरवणुकीच्या आदल्या रात्री मंडळाची पोरं येऊन बदल सांगणार ते त्यातच.