खरेदी म्हणजे नुसती घासाघीस नव्हे

छोट्या फूड कंपनीत पर्चेसवाल्याला भाव पाडण्यापलीकडे काम नसतं, हे एका लेखात वाचलेलं मत मला अजिबात पटलं नाही. मी रबाळे एमआयडीसीत मसाल्याच्या कंपनीत हेच काम करते. वाशीच्या मसाला मार्केटमध्ये मिरचीचं पोतं उघडलं की आधी देठ मोडून, मुठीत दाबून ओल बघावी लागते. ओली मिरची वजनाला भरते, पण गोदामात बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीतून तयार होणाऱ्या विषाच्या तपासणीत अख्खा लॉट नापास होऊ शकतो. नव्या मिरचीची आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये जोरात असते. तेव्हा किती उचलायची, कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि अडकलेलं भांडवल कसं पेलायचं, हा निर्णय छोट्या कंपनीत लवकर हातात येतो. आणि लघुउद्योजक पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचा कायदा आहे, तो पाळा हो! टंचाईत माल आधी त्यालाच मिळतो, ज्याचं पेमेंट चोख असतं.