कादंबरीला हात न लावता 16 गुण

एम.ए. मराठीची परीक्षा आठवड्यावर आली आहे, पेपरला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ नेमली आहे आणि तुमची प्रत अजून कोरी करकरीत आहे. घाबरू नका. कादंबरीवरचं उत्तर कादंबरीच्या भरवशावर लिहिणारे भोळे जीव दरवर्षी असतात. तुम्ही त्यांच्यात नाही, एवढं पुरे.

आधी वेळेचा हिशेब. 80 गुणांना 3 तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं आणि 16 गुणांच्या प्रश्नाला 36. त्यातली पहिली 5 मिनिटं मागच्या पानावर कच्चे मुद्दे काढायला आणि शेवटची 3 लिहिलेलं वाचून बघायला ठेवावीत, असं जुने प्राध्यापक सांगतात. त्यांना पुरवण्या मोजायच्या नसतात. तुम्ही घंटा होताच पेन टेकवा आणि पाठ असलेल्या प्रश्नावर तास-सव्वा तास काढा. शेवटच्या 16 गुणांच्या प्रश्नाला 9 मिनिटं उरतील. तिथे चार ओळी लिहून खाली ‘वेळेअभावी’ असं लिहा. या शब्दाला कुणी गुण दिल्याचं ऐकिवात नाही, पण प्रथा आहे.

प्रश्न येतो : ‘बनगरवाडी’तील निवेदकाच्या भूमिकेची चिकित्सा करा. यातलं ‘बनगरवाडी’ वाचून थांबायचं. पुढचे शब्द छापखान्याने जागा भरायला घातलेले असतात. तुम्ही ‘बनगरवाडीतील ग्रामजीवन’ पाठ केलंय ना? मग तेच उतरवा. ‘चिकित्सा करा’, ‘तुलना करा’, ‘सोदाहरण स्पष्ट करा’ या सगळ्यांचा अर्थ एकच : जे येतंय ते सगळं लिहा. काही चुकार मुलं ‘निवेदक’ या शब्दाखाली रेघ ओढतात आणि विचार करत बसतात, की गोष्ट सांगणारा राजाराम हा बाहेरून आलेला, पोरसवदा मास्तर आहे; धनगरांची ही वाडी त्याच्याइतकीच आपल्यालाही नवखी आहे; म्हणून जे त्याला कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, आणि तो हळूहळू वाडीचा होतो तसे आपणही होतो. असलं काही सुचलं तर उत्तर दीड पानात मुद्द्यावर येतं. मग पुरवणी कशाला मागणार?

मुद्द्यावर लवकर न येण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे 1857. प्रस्तावना तिथूनच काढायची. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, मग 1861 ची ‘मुक्तामाला’, मग 1871 चं ‘मोचनगड’, मग हरिभाऊ आपटे, वामन मल्हार जोशी, मग फडके विरुद्ध खांडेकर. असं रमतगमत आलात की 1955 साली ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध होईपर्यंत तिसरं पान उजाडतं. 98 वर्षांचा प्रवास 20 मिनिटांत! परीक्षक इथवर दम धरून असतो. त्याच्यासमोर अजून तीसेक गठ्ठे आहेत, हे त्याचं दुखणं.

आता मधला भाग. इथे गोष्ट सांगायची. ‘त्यानंतर’, ‘मग’, ‘पुढे’ या तीन शब्दांवर चार पानं सहज निघतात. मास्तर येतो, शाळा भरते, त्यानंतर कारभारी, मग आयबू, पुढे तालीम. परीक्षकाने कादंबरी वाचलेलीच नाही, असं समजून सांगा. तुमची आणि त्याची तेवढीच बरोबरी होईल.

विश्लेषण नावाचा प्रकार करणारे मात्र एकच प्रसंग उचलतात. शेकूकडे दुसरा बैल नाही, म्हणून त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू घेते, हा घ्या. ते आधी मुद्दा मांडतात, मग प्रसंग दोन ओळींत सांगतात, मग तो कसा सांगितलाय ते बघतात : निवेदक तिथे हळहळत बसत नाही, दारिद्र्यावर भाषण ठोकत नाही, दिसलं ते सांगतो. आणि शेवटी हे सगळं प्रश्नाला आणून जोडतात, की निवेदकाचा हा संयम हीच त्याची भूमिका. सात-आठ ओळींत खेळ खलास. असे चार प्रसंग झाले की उत्तर पूर्ण. पण यात एक मोठा धोका आहे : त्यासाठी शेकू कोण हे माहीत असावं लागतं.

त्यापेक्षा सर्वांगी बसणारं वाक्य पाठ करा : ‘“बनगरवाडी”त लेखकाने समाजजीवनाचे विदारक, वास्तव व हृदयस्पर्शी चित्रण अत्यंत प्रभावीपणे केले आहे.’ कसोटी सोपी आहे. वाक्यातलं नाव बदलून भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ घाला, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ घाला. तरीही बसलं तर वाक्य उत्तम, पाच पेपरांना पुरेल. ‘बोटीवरचे मोजके दिवस आणि युद्धाच्या तोंडावरचा युरोप, यांमुळे चक्रधर आणि हॅर्टाच्या प्रेमाला पुढचा काळच उरत नाही’ हे वाक्य फक्त ‘रणांगण’लाच चालतं. ‘बनगरवाडी’च्या माणदेशात बोट कुठून आणणार? अशा एकमार्गी वाक्यांवर मेहनत वाया घालवू नका.

निवेदक आणि लेखक एकच, हे गृहीत धरा. ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर जे जे म्हणतो ते नेमाड्यांचं मत म्हणून लिहा, आणि पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूने ‘लेखक खचून गेला’ असंही. पांडुरंगाच्या तोंडी सतत येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे भाषेचे दोष म्हणून दाखवून द्या. त्या दोन शब्दांत त्याचा सगळ्या जगाकडे बघण्याचा तिरकसपणा आहे, असं म्हणायला धाडस लागतं. ‘बनगरवाडी’चा मास्तर म्हणजे माडगूळकर, आणि माडगूळकर म्हणजे अर्थातच गदिमा. भाषाशैलीच्या परिच्छेदात ‘गीतरामायण’ आलं नाही तर उत्तर अपुरं वाटतं. व्यंकटेश आणि गजानन हे दोन वेगळे भाऊ आहेत, ही माहिती परीक्षेनंतरही मिळू शकते.

अवघड शब्द मीठ-मसाल्यासारखे टाका. अस्तित्ववाद, आदिबंध, उत्तरआधुनिकता, परात्मता. कुठला कुठे पडला याने फरक पडत नाही, फक्त खाली रेघ मारा. समीक्षकाचं अवतरण आठवत नसेल तर स्वतःचंच वाक्य अवतरणचिन्हांत घालून एखादं वजनदार नाव लावा. परीक्षक तोच समीक्षक गेली वीस वर्षं शिकवत असेल तर त्यालाही नवं काही वाचल्याचा आनंद मिळेल.

वाचायला अगदीच वेळ नसेल तर अमोल पालेकरांचा 1995 चा चित्रपट आहे. तो बघून लिहिताना एवढंच सांभाळा, की कादंबरीच्या शैलीत ‘छायाचित्रण नयनरम्य आहे’ असं येऊ देऊ नका. आलंच तर ‘प्रतिमासृष्टी’ म्हणा.

राहिला समारोप. ‘अशा प्रकारे’ने सुरुवात करून प्रस्तावनाच पुन्हा लिहा, फक्त 1857 वगळून. कादंबरीचा शेवट माहीत नसेल तर तो गोड करा : पाऊस पडतो, शाळा पोरांनी भरते, तालमीत माती उडते, गावाचा विकास होतो. (माडगूळकरांनी दुष्काळ पाडलाय, मेंढरं मारलीयत आणि वाडी ओस करून मास्तराला मागे ठेवलंय, पण ते शेवटच्या पानांत आहे, आणि तिथवर गाईडसुद्धा पोहोचत नाही.) घंटा झाली की पुरवण्या घट्ट बांधा. क्रम चुकला तरी चालेल, कुठलंही पान कुठेही लागतं.