‘लिक्विड-टाइट फ्लेक्सिबल म्हणजे पैसे पाण्यात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. टोमण्यांसकट सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं: ऑफिसच्या गच्चीवरच्या एसींसाठी कंत्राटदाराने पार मशीनपर्यंत विजेच्या तारांसाठी लिक्विड-टाइट फ्लेक्सिबल (पाणी न शिरणारा, वाकणारा) पाइप ओढला, पैसेही दणकून घेतले आणि पहिल्याच पावसात आयसोलेटरमध्ये (मशीनची वीज तोडायच्या स्विचच्या डब्यात) पाणी. नाव मोठं, लक्षण खोटं. त्यापेक्षा साधा जीआय (जस्त चढवलेल्या पोलादाचा) फ्लेक्सिबल आणि वरून टेप बरा.

पण पाणी कुठून आलं ते तुम्हीच लिहून गेलात: पाइप भिंतीवरून उतरून ‘आयसोलेटरच्या डोक्यात’ शिरलाय. पाइपावरून ओघळणारं पाणी मग थेट ग्लँडवरच, म्हणजे पाइप डब्याला जोडणाऱ्या जोडावरच, येतं. वॉशर जरा सैल असला की आत. डब्यात खालूनच शिरायचं आणि त्याआधी पाइपाला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं.

दुसरा संशय ग्लँडवर. या पाइपात आत पोलादी पट्टीची गुंडाळी असते, वर पीव्हीसीचं आवरण. पाणी अडवतं ते आवरण. ग्लँडसोबत एक छोटी फेरूल (कडी) येते, ती गुंडाळीच्या तोंडात बसवायची. नट आवळला की आवरण फेरूल आणि रिंग यांच्यात घट्ट चिमटलं जातं. पाइप तिरका कापला किंवा फेरूल घालायचीच राहिली, तर बाहेरून जोड अगदी झकास दिसतो आणि पावसात गळतो. मेन बंद करून एक नट उघडून बघाच.

साध्या जीआय फ्लेक्सिबलमध्ये पट्टीचे वेढे एकमेकांत नुसते अडकवलेले असतात, फटीतून पाणी झिरपतं. टेपचं म्हणाल तर त्याचा गोंद मे महिन्यातच सुटतो. पाऊस येईपर्यंत टेप लोंबकळत असतो.

कंत्राटदाराने तुम्हाला चुना लावला, हे मात्र खरं. फ्लेक्सिबल लागतो तो मशीनजवळच्या शेवटच्या अर्ध्या-पाऊण मीटरला. कॉम्प्रेसर थरथरतो, आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी मशीन थोडं सरकवावं लागतं. कडक पाइप थेट जोडला तर जोड सुटतो. पीव्हीसी पाइप तर उन्हानेही वाढतो: दहा मीटरला 30 अंशांच्या फरकात साधारण 2 सेंटीमीटर. बाकी सगळी लाइन कडक जीआय पाइपात, क्लॅम्प मारून न्यायला हवी होती. एकट्यादुकट्या दीड टनाच्या स्प्लिटला एवढा थाट नको, पण तुमच्याकडे मशीनची रांग आहे.

शिवाय तुमचा पाइप स्लॅबवर लोळतोय. अमेरिकेच्या एनईसी या वीजजोडणीच्या नियमावलीच्या 2017 च्या आवृत्तीत नियम आहे: उन्हातला पाइप गच्चीपासून 23 मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असेल तर हवेच्या तापमानात 33 अंश मिळवून तारेची करंट वाहायची क्षमता काढा. नियम तिकडचा, ऊन इकडचंही तसंच. आपल्याकडच्या 40 अंशांत 33 मिळवले की 73 झाले, आणि साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारेची मर्यादा आहे 70. नव्या खर्चात पडायचं नसेल तर निदान खाली ठोकळे देऊन पाइप उचलून घ्या.

जाता जाता अर्थिंग. पाइपात पोलाद आहे म्हणून त्याच्याच भरवशावर मशीन सोडलंय का, तेही बघून घ्या. आतून वेगळी हिरवी तार हवीच. आणि आयसोलेटरची टर्मिनलं हिरवट पडली असतील तर घासूनपुसून चालवू नका, आयसोलेटर बदला.