पुरुमेंत भरलं, पण टाकी?

मे महिना लागला की गोव्यातल्या घरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू होते. उकडे तांदूळ, कुळीथ, सोलां, सुके बांगडे, मिठातल्या कैऱ्या. चार महिन्यांचं जेवणखाण आधी भरून ठेवायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरीही वादळ आलं की दुसऱ्याच दिवशी घर अडतं, आणि अडतं ते पाण्यावर. तयारी करायचीच तर पहिली पाण्याची करा, बाकी सगळं नंतर.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात झाडं तारांवर पडली, वीज गेली आणि मागोमाग नळही कोरडे पडले. ओपा किंवा अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातलं पाणी पंपाने चढतं. पंप बंद, की नळ बंद. ऑगस्ट २०१९ मध्ये तर वादळही नव्हतं. कुर्टी-खांडेपारला जलवाहिनी फुटली आणि पणजी-फोंड्याचे लोक कित्येक दिवस टँकरची वाट बघत बसले.

म्हणून वादळाचा इशारा आला की वीज असेतोवर गच्चीवरची टाकी काठोकाठ भरायची. हजार लिटरची रिकामी टाकी एकटा माणूस उचलू शकतो, मग वाऱ्याला काय जड? भरली की तीच एक टनाची होते. बहुतेक टाक्या नुसत्या ठेवलेल्या असतात, धरून असतो तो फक्त पाइप. टाकी सरकली की पाइप सांध्यात मोडतो आणि पाणी गच्चीवरून वाहून जातं. झाकण नायलॉनच्या दोरीने आवळा. वीज गेली की खालच्या नळांचा वॉल्व बंद करा आणि पाणी बादलीने मोजून वापरा. फ्लश एका वेळी आठ-दहा लिटर खातो, चौघांच्या घरात टाकी कधी संपली ते कळतही नाही. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी वेगळं ठेवा. माणशी दिवसाला पाच लिटर धरलं तर चौघांना तीन दिवस ६० लिटर, म्हणजे २० लिटरचे तीन कॅन.

जमिनीखाली प्लास्टिकची टाकी असेल तर तीही भरलेलीच हवी. पावसात भूजल वर आलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि वरची फरशी फोडते. गॅस सिलिंडरचंही तेच. भरलेला सिलिंडर तरंगणार नाही असं लोक छातीठोकपणे सांगतात. १४.२ किलो गॅस आणि साधारण १५ किलो लोखंड मिळून वजन तिसेक किलो, आणि सिलिंडर बाजूला सारतो पस्तीसेक लिटर पाणी. म्हणजे भरलेलासुद्धा तरंगतो. पाणी घरात शिरायच्या आत रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर उभाच खिडकीच्या गजाला साखळीने बांधा.

वॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयारीच्या याद्यांचा मला वैताग येतो, कारण त्या सगळ्या घरांना एकाच मापाने मोजतात. सत्तरी-डिचोलीत नदीकाठी राहणाऱ्याने म्हादई आणि वाळवंटीच्या पातळीवर लक्ष ठेवायचं, अंजुणे धरणातून पाणी सोडणार आहेत का ते विचारायचं. जुलै २०२१ चा पूर तिथे कुणी विसरलेलं नाही. पणजीत मळा किंवा १८ जून मार्गावरच्या माणसाने भरतीची वेळ बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुसळधार पाऊस आला की गटारातलं पाणी बाहेर जायला वाटच नसते. डोंगरउतारावर घर असेल तर मागच्या दरडीकडे बघा. भेगा पडल्या किंवा अचानक गढूळ झरा फुटला तर सामान आवरत बसू नका, निघा.

इन्व्हर्टर जिन्याखाली जमिनीवर ठेवायची खोड सोडा. निदान चार चिरे रचून वर चढवा. १५० एएचच्या बॅटरीवर दोन पंखे लावले तर पाच-सहा तासांत खेळ खलास. एक एलईडी बल्ब आणि मोबाइल एवढंच ठेवलं तर तीच दीड दिवस पुरते. जनरेटर असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (बाहेरची लाइन तोडून घर जनरेटरवर घेणारं बटण) घराच्या वायरिंगला जोडू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो.

माडांचे नारळ आणि सुकी चुडतं (झावळ्या) पावसाआधी उतरवून घ्या. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारा, मे अखेरीस मिळत नाही, एप्रिलमध्येच सांगून ठेवा. घरावर झुकलेलं झाड तोडायला १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, तो अर्जही तेव्हाच. कागदपत्रं दोन प्लास्टिक पिशव्यांत, माळ्यावर. पाणी ओसरल्यावर झाडू हातात घेण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट फोटो काढा, पंचनाम्याला तेच कामी येतात.

आता विहीर. पुराचं पाणी आत गेलं असेल तर ते पिऊ नका, पण घाईघाईने उपसाही करू नका. भोवतालची माती पाण्याने फुगलेली असताना विहीर रिकामी केली तर कडा आत कोसळतो. पाणी ओसरू द्या, माती निचरू द्या, मग उपसा, गाळ काढा. नव्याने आलेल्या पाण्याला ब्लीचिंग पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम. विहीर २ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर साधारण ९,४०० लिटर, म्हणजे २५ ग्रॅम पावडर. ती थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करा, मग पाऊण बादली भरा, दहा मिनिटं थांबा. पावडरीतला चुना तळाला बसतो. वरची निवळ दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरीने विहिरीत सोडून वरखाली हलवा. चुन्याचा गाळ आत टाकला तर पाणी जड होतं. रात्रभर थांबा. सकाळी क्लोरीनचा हलका वास आला नाही तर पुन्हा तेवढीच मात्रा. पिण्याचं पाणी तरीही उकळूनच. आणि पावडर गेल्या वर्षीची, उघड्या पुडीत राहिलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका. आपल्या दमट हवेत तिचा जोर उडून जातो आणि हातात उरतो नुसता चुना.