चुकलेल्या कवडीचा भाव

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबेल. कंटाळा आला तर पुढे सरका.

दुपारी नागपूरहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. प्रिंट्स गोळा करतात म्हणे. दर्यापूरकडच्या एका मास्तरकडे गाडगेबाबांचं लाकडावर कोरून छापलेलं पोर्ट्रेट आहे, पंचवीसचीच एडिशन आहे, म्हणजे मोजून पंचवीसच प्रती छापल्यात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चहा झाला. चित्र भिंतीवरून काढायला लावलं, फ्रेम उघडवली आणि सगळ्यात आधी कागद पालथा केला. डाग पाहिले, कडा कापल्यात का ते बोटाने चाचपलं, मग पंचवीसातली कितवी प्रत हे सांगणारा खालचा पेन्सिलीतला आकडा मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचला. बाबांच्या तोंडाकडे पाहिलं असेल तर चुकून.

चित्र माझ्या एका विद्यार्थ्याचं. शेतकऱ्याचं पोरगं. प्रेस कुठून आणणार? सागाची फळी, रोलरने शाई, वर हातकागद आणि मागून स्टीलच्या चमच्याने घासायचं. पहिले तीन-चार कागद निघाले तसा धावत माझ्याकडे आला. ओट्यावर शेजारची म्हातारी बसली होती. तिने लहानपणी बाबांचं कीर्तन पाहिलंय. बाबा 1956 च्या डिसेंबरात गेले, तेव्हा तिचं वय तुम्हीच काढा. चित्र लांब धरून तिने डोळे बारीक केले.

"मास्तर, कवडी ह्या कानात नोती. हा बांगडीचा कान व्हय."

बाबांच्या एका कानात कवडी असायची, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. आणि फळीवर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं, डावं ते उजवं. पोराने फोटो समोर ठेवून सरळच कोरलं होतं. कानांची अदलाबदल झाली, ती ना त्याच्या लक्षात आली, ना फोटो पाहून मान डोलावणाऱ्या आम्हा शिकलेल्यांच्या. आली ती म्हातारीच्या. पोराने फळी पालथी घातली, मागच्या बाजूवर ट्रेसिंग उलटं लावून सगळं पुन्हा कोरलं. त्याच्या पंचवीस प्रती काढल्या आणि पटाशीने दोन्ही बाजूंवर फुल्या मारल्या. आता कुणाला सव्विसावी काढायची म्हटली तरी निघणार नाही. चुकलेल्यांपैकी एक माझ्याकडे राहिली, तिच्यावर आकडा नाही.

हा किस्सा पाहुण्यांना हसण्यावारी सांगितला. पाहुणे हसले नाहीत, खुर्चीत पुढे सरकले. "अशा किती आहेत?" बरोबर छापलेल्या प्रतीचे सहा हजार सांगत होते, चुकलेलीचे वीस!

आमच्याकडे कापसाला भाव नाही, चुकीला आहे.

वर मलाच समजावलं. 1854 चं चार आण्याचं टपाल तिकीट, लाल चौकट, आत निळ्या शाईत व्हिक्टोरिया राणी. दोन रंग म्हणून दोनदा छपाई. त्यात काही कागद फिरवून घातले गेले आणि राणीचं डोकं खाली आलं. आज जगभरचे शौकीन त्या उलट्या डोक्यामागे आहेत. बरोबर आहे तुमचं. पण साहेब, त्या राणीला तोंडाने ओळखणारी म्हातारी कुणाच्या ओट्यावर बसलेली नव्हती. त्या पोराने रात्र-रात्र जागून बाबांचा कान बरोबर केला आणि तुम्ही चुकलेल्या कानाला तिप्पट मोजता? मग त्याने सुधारलं कशाला?

आता म्हणाल, मास्तर, संग्राहकांमुळेच कलाकार जगतो. हो, जगतो. त्या पंचवीसमधल्या बऱ्याच प्रती बाहेरच्यांनीच घेतल्या. त्या पैशातून त्याने शाई-कागद आणला आणि घरचं थोडं देणंही फेडलं. आपल्या गावातून किती गेल्या ते मी इथे लिहीत नाही, सगळेच वाचताय. आकडा घालणं, फळीवर फुल्या मारणं हाही शब्द पाळण्याचाच प्रकार आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही. उलट राग येतो तो मशीनमधून पाहिजे तितके प्रिंट काढून खाली 1/500 टाकणाऱ्यांचा. सोबत सोनेरी सर्टिफिकेट! त्यात ना फळी, ना फुली.

रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. त्या लक्ष्मी-सरस्वतींवर कुठे होता आकडा? घराघरात जाव्यात म्हणूनच छापल्या. बायकांनी त्यांना जर लावली, टिकल्या लावल्या. आता त्याच जर-टिकल्यांच्या ओलिओग्राफना, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या त्या रंगीत छापील चित्रांना, शोधत संग्राहक फिरतात. या संग्राहकांनी सांभाळल्या नसत्या तर बऱ्याचशा चुलीत गेल्या असत्या, हेही खरं. लिहिता लिहिता माझाच राग जरा उतरला बघा.

तरी एक गोष्ट पचत नाही. पाया पडू न देणाऱ्या, पडलं तर काठी उगारणाऱ्या माणसाचं चित्र "इन्व्हेस्टमेंट म्हणून उत्तम" असं कुणी माझ्याच घरात बसून म्हणतो. आणि हे नक्की कपाटात, प्लास्टिकमध्ये जाणार. उन्हाने शाई नाही, पण कागद पिवळा पडतो म्हणे. पडू दे ना! पंचविसावी प्रत म्हातारीच्या घरी आहे. कॅलेंडरशेजारी, खिळ्याला. रोज उदबत्ती लावते, बाबांना चाललं नसतं तरी लावते. धुराने एक कोपरा तांबूस झालाय. पाहुण्यांना ती दाखवली नाही, दवाखान्यात न्यावं लागलं असतं त्यांना.

चुकलेली प्रत दिली नाही. "विकून टाका मास्तर" म्हणणाऱ्यांनी कमेंटमध्ये कष्ट घेऊ नयेत. ज्यांना खरंच चित्र हवंय त्यांनी त्या पोराचं नवीन काम घ्या, नंबर मला मेसेंजरवर मागा. सध्या तो तुकडोजी महाराज कोरतोय, खंजिरीसकट. खंजिरी कोणत्या हातात धरायचे ते फळीला पटाशी लावायच्या आधी म्हातारीला विचारून ये, म्हटलं. गेलाय आत्ता.